सारख्या कामाला सारखा दाम : बाबासाहेबांच्या जीवनातील एक धागा

धम्मबंधूंनो आणि विशेषतः भगिनींनो,

दीक्षा घेतल्यावर तुमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर लागली. जयंतीला तुम्ही त्यांचे चरित्र ऐकता. महाडचे तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी हे प्रसंग लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. परंतु या चरित्रात आणखी एक धागा आहे आणि तो भाषणांतून क्वचितच पुढे येतो. तो धागा आहे मजुरीचा. ज्याने काम केले त्याला त्याचा दाम मिळालाच पाहिजे, आणि काम सारखे असेल तर हात बाईचा की पुरुषाचा, सवर्णाचा की अस्पृश्याचा, असा भेद दामात होता कामा नये, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर लावून धरली. आज तेवढाच धागा आपण हाती घेऊ.

तो का घ्यायचा, हे हिंगोली जिल्ह्यातील भगिनींना सांगायला नको. कळमनुरी असो, सेनगाव असो, औंढा असो की वसमत असो, निंदणीला आणि हळद काढणीला बाई लागते. सकाळी भाकर बांधून ती निघते आणि दिवस मावळता परत येते. तिच्याच बरोबर, त्याच रानात राबलेल्या पुरुषाच्या हातावर संध्याकाळी जास्त पैसे पडतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते : बाईमाणसाचा रोज एवढाच असतो. कोणी ठरवला, कधी ठरवला, याचे उत्तर कोणाजवळ नसते. कापूस वेचणीत मात्र वजनावर पैसे मिळतात. तिथे तराजूला बाई-पुरुष कळत नाही. मग रोजंदारीतच तो भेद कुठून येतो, याचा विचार करा आणि पुढे वाचा.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सुभेदार. आई भीमाबाई ते लहान असतानाच वारल्या आणि अपंग आत्या मीराबाईंनी भावाचे घर सांभाळले. तिच्या कष्टाला कोणी मोल लावले नव्हते, पण तिच्यावाचून ते घर उभे राहिले नसते. पुढे रमाई घरात आल्या. पती अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकत असताना त्यांनी गोवऱ्या थापून संसार चालवला, पोटची मुले गमावली आणि तक्रार केली नाही. बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, हे आपण विसरतो. पैसा कुठून येतो, कोणाच्या कष्टातून येतो आणि कोणाच्या पेटीत जातो, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. रमाईंच्या गोवऱ्यांचा हिशेब त्या अभ्यासाच्या मुळाशी नसेल असे कोण म्हणेल?

1927 साली ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. पुढच्याच वर्षी, 1928 साली, त्यांनी महार वतनाचे बिल मांडले. वतन म्हणजे काय, हे जुन्या माणसांना विचारा. हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, मुंबई सरकारचा कायदा इथे लागू नव्हता. पण वेठ इकडेही तीच होती आणि येसकराची काठीही तीच होती. महाराने रात्रंदिवस सरकारची व गावाची चाकरी करायची आणि बदल्यात जमिनीचा एक तुकडा आणि घरोघरचे बलुते घ्यायचे. बाबासाहेबांनी कायदेमंडळात दाखवून दिले, की ही चाकरी एका माणसाची नाहीच. वतनदार गावात नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणालाही, प्रसंगी बायकोलाही, कामावर धरून नेले जाते. म्हणजे वेतन नावापुरते एकाला आणि राबणार सारे घर. चाकरीच्या बदल्यात रोख पगार द्या आणि वतनाच्या जमिनी रयतेसारख्या मोकळ्या करा, ही त्यांची मागणी होती. बिल तेव्हा मंजूर झाले नाही. मात्र घरातल्या बाईचे काम पुरुषाच्या कामात गुपचूप मिसळून टाकण्याची चलाखी त्यांनी तेव्हाच ओळखली होती.

ही चलाखी संपली असे समजू नका. मराठवाड्यातून दर साल हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. तिथे नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. बाई ऊस उचलते, मोळ्या बांधते, गाडी भरते, पण वहीत तिचे नावच नसते. जुने वतन आणि हा कोयता शेजारी शेजारी ठेवून पाहा.

1928 सालीच मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. तो जवळजवळ सहा महिने चालला. गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला पाऊल टाकू देत नसत. कारण असे सांगत, की धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागतो, मग अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आम्ही कसा लावावा? विटाळ सांगून चांगला पगार राखून ठेवायचा, असा हा प्रकार होता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट विचारले, की तुमच्या मागण्यांत आमच्या माणसाला सर्व खात्यांत काम मिळण्याची मागणी का नाही? पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. कामगारांची एकजूट चांगलीच, पण त्या एकजुटीत शेवटच्या माणसाचा दाम मोजला नाही तर ती अपुरी राहते, हा धडा त्यांनी त्या वेळी दिला.

त्याच वर्षी जुलै महिन्यात कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळावी आणि त्या काळात तिला पैसेही मिळावेत, असे ते बिल होते. मालकांची ओरड होती, की काम न करता पैसे का द्यायचे? बाबासाहेबांनी बिलाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून सरकारने भार उचलावा हे त्यांना मान्य होते. पण बाईला कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा त्याचा वाटा त्याने द्यायलाच हवा, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. त्यानंतर इतर प्रांतांत असे कायदे होऊ लागले.

भगिनींनो, इथे एक प्रश्न उभा राहतो. पुरुषांनी कायदेमंडळात तुमच्या बाजूने बोलावे आणि तुम्ही ऐकत बसावे, एवढेच का बाबासाहेबांना हवे होते? नाही. बायकांची स्वतःची संघटना असावी, यावर त्यांचा भरवसा होता. आणि ती वेगळी का असावी लागली, त्याचे कारण नागपूरच्या बायकांना अनुभवाने कळले. 1937 साली नागपूरला अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. देशातल्या शिकलेल्या, पुढारलेल्या बायका तिथे जमल्या होत्या. आमच्या जाईबाई चौधरी तिथे गेल्या. जाईबाई म्हणजे एके काळी डोक्यावर ओझी वाहून पोट भरलेली आणि 1922 साली नागपुरात मुलींची शाळा काढलेली बाई. तिला जेवणाच्या पंगतीत वेगळे बसवले. बायकांच्या हक्कांवर ठराव करणाऱ्या मंडपात ही गोष्ट घडली! अस्पृश्य समाजातील स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. 1 जानेवारी 1938 रोजी त्यांनी निषेधाची सभा घेतली.

त्याच नागपुरात राधाबाई कांबळे होत्या. गिरणीत काम करणारी ही बाई कामगारांची पुढारी झाली आणि कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे साक्ष द्यायला उभी राहिली. शिक्षण नाही, घरी श्रीमंती नाही, पण आपल्या खात्यात काय चालते हे साहेबापुढे सांगण्याची हिंमत होती. अशा बायकांच्या बळावर 20 जुलै 1942 रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. सुमारे 25,000 बाया जमल्या होत्या. गाड्यांतून, पायी, लेकरे कडेवर घेऊन त्या आल्या होत्या.

त्यांनी काय मागितले ते नीट पाहा. घटस्फोटाचा हक्क मागितला, एका पुरुषाने अनेक बायका करण्याला बंदी मागितली. आणि त्याच व्यासपीठावरून मजुरीचेही मागितले. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, हक्काची रजा, दुखापतीची भरपाई आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळावे, असा ठराव केला. गिरणीतल्या बायकांवर देखरेखीला पुरुष नको, बाई हवी, असेही मागितले. घरातला नवरा आणि कारखान्यातला मुकादम हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायांना पुरते समजले होते. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले, की समाज किती पुढे गेला हे मी त्या समाजातल्या स्त्रिया किती पुढे गेल्या यावरून मोजतो. बायकोने नवऱ्याची सखी व्हावे, बरोबरीने उभे राहावे, त्याची दासी होऊ नये, असे त्यांनी बजावले.

याच जुलै महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता मागणी करणाऱ्याच्या हातीच कारभार आला. आणि लगेच एक अवघड परीक्षा उभी राहिली.

दुसरे महायुद्ध चालू होते. रेल्वे, गिरण्या, तोफांचे कारखाने, सारे कोळशावर चालत आणि कोळसा कमी पडत होता. खाणीतले मजूर जास्त रोज मिळतो म्हणून लष्करी कामांवर निघून जात होते. जमिनीखालच्या खाणीत बायकांना उतरवायचे नाही, असा नियम पूर्वी झाला होता आणि 1937 सालापर्यंत सर्व बायका वर आल्या होत्या. 1943 साली सरकारने ही बंदी उठवली. देशभरच्या महिला संघटनांनी, अखिल भारतीय महिला परिषदेनेही, विरोध केला. जमिनीखालच्या अंधारात, दमट हवेत बाईला उतरवणे हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते.

बाबासाहेबांनी स्वतः पाहणी केली. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या बाजूला गेले, चारशे फूट खोल खाणीत उतरले, मजुरांच्या झोपड्यांत गेले. 8 फेब्रुवारी 1944 रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात या प्रश्नावर चर्चा झाली तेव्हा त्यांनी सांगितले, की ही सवलत युद्धकाळापुरती आहे, कायमची नाही. ज्या बोगद्याची उंची साडेपाच फुटांपेक्षा कमी आहे तिथे बाईला पाठवायचे नाही. आणि खाली उतरलेल्या बाईला त्याच कामासाठी पुरुषाएवढीच मजुरी द्यायची. स्त्री-पुरुष भेद न करता सारख्या कामाला सारखा पगार हे तत्त्व या देशाच्या एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच बसवले जात आहे, हे त्यांनी सभागृहाच्या लक्षात आणून दिले.

वाचकहो, या प्रसंगाकडे भक्तीने नव्हे, बुद्धीने पाहा. बंदी उठली ही आनंदाची गोष्ट नव्हती. विरोध करणाऱ्या स्त्रियांची काळजी योग्य होती. पण खाणीत उतरणाऱ्या बाईच्या घरात चूल पेटायची होती, तिला वर ठेवून कोणी पोसत नव्हते. सरकार तिला खाली नेणारच असेल तर निदान तिच्या घामाची किंमत कमी लावू देणार नाही, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. आणि नुसत्या सारख्या पगाराने पुरे होत नाही हेही ते जाणून होते. पोटात मूल असलेल्या बाईला सारखा पगार मिळाला पण विश्रांती मिळाली नाही, तर ती समता कसली? म्हणून त्यांच्याच काळात खाणीतल्या स्त्रियांसाठी बाळंतपणाच्या कायद्यात 1943 आणि 1945 साली सुधारणा झाल्या आणि जमिनीखाली काम करणाऱ्या बाईला जास्त दिवसांची विश्रांती मिळाली. युद्ध संपल्यावर 1 फेब्रुवारी 1946 पासून बंदी पुन्हा लागू झाली. दिलेला शब्द पाळला गेला. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आणणारे बिल आणि किमान वेतनाचे बिलही त्यांच्याच कारकिर्दीत 1946 साली आले. किमान वेतनाचा कायदा पुढे 1948 साली मंजूर झाला.

मग राज्यघटना आली. 26 जानेवारी 1950 पासून ती अमलात आली. तिच्या 39व्या कलमात स्त्री आणि पुरुष दोघांनाही सारख्या कामाबद्दल सारखे वेतन मिळावे, असे धोरण राज्याला घालून दिले आहे. नागपूरच्या परिषदेतली गिरणीवाली, धनबादच्या खाणीतली कोळसेवाली, रानात निंदणारी तुमची आजी, या साऱ्या जणी त्या एका ओळीत आहेत. पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट कोर्टात जाता येत नाही. म्हणून कायद्याची वाट पाहावी लागली. 1975 साली वटहुकूम निघाला आणि 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की समान कामाला समान वेतन हे तत्त्व समतेच्या मूलभूत हक्कांतूनच निघते. 1987 साली मुंबईच्या एका कंपनीतील स्त्री लघुलेखकांना पुरुषांहून कमी पगार दिला म्हणून त्याच न्यायालयाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. 1976च्या कायद्यातील तत्त्व पुढे 2019च्या वेतन संहितेत घेतले गेले.

आपल्या मराठवाड्यानेही हे तत्त्व उघड्या माळावर पाहिले आहे. 1972च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि तलाव खणायला गेली. त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. तिथे बाईला आणि पुरुषाला एकच दर होता. किती माती खणली याचे मोजमाप घेत आणि त्यावर मजुरी देत. ज्या बाईला शेतावर कमी रोज मिळत होता, तिला सरकारी कामावर बरोबरीचा दर मिळाला. म्हणजे हे होऊ शकते. होत नाही ते मनात नसते म्हणून.

बाबासाहेबांना याची पूर्ण जाणीव होती. हिंदू कोड बिलात मुलीला वारसा, बाईला मालमत्तेचा हक्क आणि घटस्फोटाचा हक्क मिळावा म्हणून ते झगडले. बिल अडले तेव्हा 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी लाखो लोकांना धम्म दिला आणि 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. कायद्याने दार उघडते, पण आत पाऊल टाकायला मन बदलावे लागते. ते मन बदलण्यासाठीच त्यांनी आपल्याला बुद्धाच्या वाटेवर आणून सोडले.

बुद्धाने सिगाल नावाच्या गृहस्थाला जो उपदेश केला तो सिगालोवाद सुत्तात आहे. काम देणाऱ्याची कर्तव्ये त्यात सांगितली आहेत : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. याच उपदेशात पतीची कर्तव्येही आहेत. पत्नीचा मान ठेवावा, तिचा अपमान करू नये, एकनिष्ठ राहावे, घरचा कारभार तिच्या हाती द्यावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आणि नागपूरच्या बायांचे ठराव शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत घर आणि काम एकत्र तोलले आहेत.

आता शेवटचा प्रश्न, आणि तो आपल्याच दारातला आहे. आपल्यातल्या काही कुटुंबांनी कष्टाने दोन-चार एकर रान केले आहे. निंदणीला आपण मजूर लावतो. त्या दिवशी बाईला किती आणि पुरुषाला किती देतो? घरच्या बाईने मिळवलेली मजुरी कोणाच्या खिशात जाते? गावातल्या मोठ्या शेतकऱ्याला आपण नावे ठेवतो, पण आपल्या बांधावरही तोच दर चालत असेल तर आपल्या घरातल्या तसबिरीसमोर उभे राहताना मान खाली जाईल.

भगिनींनो, विहारात वंदना झाली की घटकाभर बसा. दहा जणी जमल्या तरी मंडळ होते. कोणत्या कामाला कोणाला किती रोज मिळाला ते एका वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहवून घ्या. हंगामाच्या आधी दर ठरवा आणि सगळ्या मिळून एकच सांगा. एकटीने मागितले तर तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणतील, पण दहा जणींना एकदम परत पाठवून कोणाचे रान निंदून होत नाही. बंधूंनो, तुम्ही त्या वेळी त्यांच्या बाजूला उभे राहा, समोर नव्हे. 1942 साली लेकरे कडेवर घेऊन नागपूरला गेलेल्या त्या बायांचे ऋण फेडण्याची आपल्याला जमेल अशी हीच एक रीत आहे.

जयभीम!